गाडीवरच्या ब्रश फिनिश स्टीलचे डाग: घासण्याआधी निदान करा

दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी, बाजूचा फूटस्टेप, मागच्या बंपरवरची प्लेट, सायलेन्सरचं टोक. बीड जिल्ह्यात फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांवर यातला एखादा तरी भाग स्टेनलेस स्टीलचा असतो, आणि बऱ्याचदा तो आरशासारखा चकचकीत नसून बारीक समांतर रेषांचा, मंद चमकीचा असतो. यालाच ब्रश फिनिश म्हणतात. फॅब्रिकेशनच्या दुकानात 'मॅट' किंवा 'हेअरलाइन' म्हणून विचारलंत तर लगेच कळेल.

सहा महिन्यांत त्यावर पांढरे ठिपके येतात, मग तपकिरी. मालक विचारतो, "स्टेनलेस आहे ना, मग गंजलं कसं?" आणि चार माणसं चार उपाय सांगतात. कोणी म्हणतं तारेच्या घासणीने घासा, कोणी म्हणतं संडास साफ करायचं ॲसिड टाका, कोणी म्हणतं बफिंग मारून घ्या. यातले तिन्ही उपाय पट्टी कायमची खराब करू शकतात, आणि दुसरा उपाय तर करणाऱ्या पोराच्या फुफ्फुसावरही बेतू शकतो.

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांच्या ब्लॉगवर गाडी पुसायचा विषय कशाला, असं वाटेल. कारण सरळ आहे. संशोधनात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो कारण न शोधता उपाय करण्यात. स्टीलवरचा डाग हे त्याचं हातात धरून बघता येईल असं उदाहरण आहे. डाग दिसायला सारखे, पण कारणं वेगळी. आणि चुकीचा उपाय केला की परत मागे जाता येत नाही.

'गंजत नाही' म्हणजे नक्की काय?

स्टेनलेस स्टीलमध्येही मुख्यतः लोखंडच असतं. फरक क्रोमियमचा. वजनाने किमान १०.५ टक्के क्रोमियम असेल तर पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा एक अखंड, पारदर्शक थर तयार होतो. याला निष्क्रिय थर म्हणतात. त्याची जाडी साधारण १ ते ३ नॅनोमीटर. माणसाचा केस अंदाजे ८० मायक्रोमीटर म्हणजे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर २ नॅनोमीटरचा थर केसापेक्षा ४०,००० पट पातळ झाला. स्टीलचं सगळं 'स्टेनलेस'पण या एवढ्याशा थरावर उभं आहे.

या थराची खासियत म्हणजे तो स्वतःला दुरुस्त करतो. ओरखडा पडला, खालचा धातू उघडा पडला, तरी हवा आणि ओलावा मिळाला की थर पुन्हा बनतो. अट एकच: पृष्ठभाग स्वच्छ पाहिजे. वर परक्या लोखंडाचे कण, चिकट मळ किंवा क्लोराइड बसलं असेल तर त्या जागी थर नीट बनत नाही. म्हणून स्टीलच्या बाबतीत स्वच्छता ही निव्वळ दिखाव्याची गोष्ट नाही, ती गंजापासूनचं संरक्षणच आहे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने बंदुकीच्या नळीसाठी प्रयोग करताना १३ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं पोलाद बनवलं, तेव्हापासून ही गोष्ट बदललेली नाही.

आधी नमुना ओळखा

प्रयोगशाळेत पहिला प्रश्न असतो: नमुना नक्की कशाचा आहे? इथेही तोच. 'स्टील' म्हणून विकल्या जाणाऱ्या भागात निदान चार प्रकार येतात.

३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ४३० मध्ये क्रोमियम १७ टक्क्यांच्या आसपास, पण निकेल जवळपास नाही. २०० मालिकेत महाग निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. ती स्वस्त पडते, पण बाहेरच्या हवेत ३०४ इतकी टिकत नाही. चौथा प्रकार स्टेनलेस नाहीच: साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा. तो आरशासारखा चमकतो, त्यावर ब्रशच्या रेषा सहसा नसतात, आणि मुलामा फुटला की आतून गंज फुगून पापुद्रे निघतात.

लोक चुंबक लावून बघतात. चांगली सवय आहे, पण चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही हे माहीत हवं. चुंबक घट्ट चिकटला तर ते ४३० किंवा मुलामा दिलेलं लोखंड असू शकतं. चिकटला नाही तर ३०४ असू शकतं किंवा २०० मालिकाही, कारण दोन्ही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. शिवाय ३०४ ची पट्टी जिथे वाकवलेली असते तिथे चुंबक हलकासा ओढला जातो, कारण वाकवताना आतली स्फटिकरचना थोडी बदलते. म्हणजे 'चुंबक चिकटला नाही, म्हणून ३०४ आहे' हा निष्कर्ष चूक. मौखिक परीक्षेत अशाच जागी विद्यार्थी अडकतात. चाचणीचं उत्तर बरोबर असतं, त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नसतो.

आणखी एक बघा. काही पट्ट्यांवर कारखान्यातूनच पारदर्शक लॅकरचा लेप किंवा प्लास्टिकची फिल्म असते. डाग त्या लेपावर असेल तर स्टीलचं रसायनशास्त्र लावून उपयोग नाही.

ब्रश फिनिश म्हणजे शिस्तीत पाडलेले ओरखडे

सपाट पत्र्यावर पॉलिश पेपरचा पट्टा एकाच दिशेने फिरवला की ब्रश फिनिश तयार होतं. बाजारात 'नंबर ४' म्हणून जे मिळतं ते साधारण १२० ते १८० ग्रिटच्या पट्ट्याने केलेलं असतं. सगळे चर समांतर असल्यामुळे प्रकाश चरांना काटकोनात पसरतो, आणि आपल्याला ती मंद, एकसारखी झळाळी दिसते.

यातून दोन नियम आपोआप निघतात. पहिला, एकही ओरखडा आडवा गेला तर तो प्रकाश वेगळ्या दिशेला फेकतो आणि लांबूनही दिसतो. म्हणून पुसणं, घासणं, सगळं रेषांच्याच दिशेने करायचं. गोल गोल हात फिरवायचा नाही. दुसरा, बफिंगने किंवा पॉलिशच्या पेस्टने चरांचे कंगोरे झिजतात आणि तेवढाच भाग चकचकीत होतो. मग मॅट पट्टीच्या मधोमध एक चमकणारा चट्टा. तो आजूबाजूच्या फिनिशशी जुळवायला अख्खी पट्टी पुन्हा घासावी लागते. ब्रश फिनिशला 'पॉलिश' करायचं म्हणजे खरं तर रेषा पुन्हा सरळ करायच्या, चमक आणायची नाही.

या फिनिशची अडचणही चरांमध्येच आहे. चरात धूळ आणि क्षार अडकून बसतात. रेषा उभ्या असतील तर पाणी निथळून जातं. आडव्या असतील, आणि फूटस्टेपवर त्या बहुधा आडव्याच असतात, तर पाणी चरात साचून तिथेच आटतं.

चार डाग, चार कारणं

*पांढरे ठिपके.* आपल्या भागात बेसाल्टच्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. गाडी धुऊन उन्हात सोडली की थेंब आटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे येऊन डाग विरघळला तर तो क्षाराचा. विरघळला नाही तर त्यात सिलिका असू शकतं, ते सौम्य आम्लाला दाद देत नाही.

*पसरट नारिंगी-तपकिरी ठिपके.* हे बहुतेकदा स्टीलचं स्वतःचं गंजणं नसतं. ब्रेक डिस्क कास्ट आयर्नच्या असतात, ब्रेक दाबला की लोखंडाचे बारीक कण उडतात. वेल्डिंगच्या दुकानाजवळ गाडी लावली तर ग्राइंडरच्या ठिणग्या येऊन चिकटतात. हे परके कण गंजतात आणि डाग स्टीलच्या नावावर जातो. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ पासून ग्राहकांना मिळू लागलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकचं अंगच बिनरंगाच्या स्टेनलेस स्टीलचं आहे. काही महिन्यांतच काही मालकांनी नारिंगी ठिपक्यांच्या तक्रारी केल्या, आणि ते पृष्ठभागावर बसलेल्या लोखंडी कणांचे आहेत, पुसून निघतात, असं कंपनीच्या अभियंत्याने सांगितलं.

*टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.* हा खरा आजार. क्लोराइडचे आयन निष्क्रिय थर एखाद्या कमकुवत जागी फोडतात. आत धातू विरघळतो, तयार झालेले धातूचे आयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्लता वाढवतात, आणखी क्लोराइड आत ओढलं जातं, आणि खड्डा स्वतःच स्वतःला वाढवत जातो. भिंगातून किंवा मोबाईलच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून बघा. डाग पुसल्यावर खाली काळा खड्डा दिसला आणि आठ-दहा दिवसांत त्याच जागी डाग परत आला, तर हे तेच. खड्डा साफ करून थांबवता येतो, पण भरून काढता येत नाही.

*पिवळसर, जांभळी, निळी छटा.* सायलेन्सरच्या गरम भागावर दिसते. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग दिसतात, तेच तत्त्व. हा मळ नाही, त्यामुळे साबणाने जाणार नाही.

थेंबाचं गणित

'पाणी तर पिण्याचं आहे, त्याने काय होणार?' हा प्रश्न हमखास येतो. हिशोब करूया. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालतं. आता २५० चा एक थेंब उन्हात आटत आटत शंभरावा भाग उरला. क्षार कुठे जात नाहीत, म्हणजे क्लोराइड झालं लिटरला २५,००० मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते साधारण १९,००० असतं. म्हणजे बीडमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर, आटता आटता, काही मिनिटांसाठी समुद्राहून खारट थेंब बसलेला असतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब असला तरी.

यातून सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: पाणी किती वापरलं यापेक्षा ते पट्टीवर आटू दिलं की पुसून घेतलं, हे जास्त महत्त्वाचं. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ही चांगली बातमी आहे. अर्धी बादली पाणी आणि एक कोरडं फडकं पुरतं.

कामाचा क्रम

तत्त्व एकच. सौम्य उपायापासून सुरुवात, आणि पुढच्या पायरीवर तेव्हाच जायचं जेव्हा आधीच्या पायरीने काम झालं नाही. प्रत्येक नवा उपाय आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचा.

१. गाडी सावलीत, धातू थंड. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, धुळीतले कठीण कण ओरखडे पाडतात. आधी पाण्याने धूळ सोडवा.

२. भांडी धुण्याचा सौम्य साबण पाण्यात कालवून मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने रेषांच्या दिशेने पुसा. निम्म्याहून जास्त डागांना एवढं पुरतं.

३. पांढऱ्या डागांना व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, एक-दोन मिनिटं, मग पाण्याने धुवा.

४. नारिंगी ठिपक्यांना सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. ५० ग्रॅम घेऊन पाण्यासह एकूण १ किलो द्रावण करा, म्हणजे ५ टक्के झालं. स्टेनलेसच्या निष्क्रियीकरणाचं अमेरिकन मानक, एएसटीएम ए९६७, सायट्रिकच्या ४ ते १० टक्के द्रावणात २१ ते ४९ अंश सेल्सिअसला किमान २० मिनिटं सांगतं. ते कारखान्यातल्या बुडवून ठेवायच्या भागांसाठी आहे, पण तापमान बघा, आपल्याकडचं नेहमीचंच आहे! पट्टी गाडीवर असेल तर टिश्यू पेपर द्रावणात भिजवून तिच्यावर २० मिनिटं चिकटवून ठेवा, सुकू देऊ नका. आजूबाजूच्या रंगाला आणि ॲल्युमिनियमला टेप लावा. हातमोजे घाला.

५. भरपूर धुवा, शेवटचा हात जारच्या किंवा पावसाच्या पाण्याचा, आणि लगेच कोरडं पुसा. निष्क्रिय थर हवेत आपोआप परत बनतो, त्यासाठी वेगळं काही लावावं लागत नाही.

६. आडवे ओरखडे उरलेच तर शेवटी नायलॉनची बारीक अपघर्षक घासणी. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, सरळ, सारख्या दाबाने. मध्येच थांबायचं नाही. यात धातू झिजतो, म्हणून ही पायरी शेवटची.

हे करू नका

साधी लोखंडी तारेची घासणी वापरू नका. तिचे तुटलेले कण चरात राहतात आणि आठवड्याभरात नवे नारिंगी ठिपके उगवतात. म्हणजे उपायच पुढच्या डागाचं कारण होतो.

संडास साफ करायच्या द्रवात बहुधा १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. एकाच वेळी आम्ल आणि क्लोराइड. निष्क्रिय थराला यापेक्षा वाईट जोडी नाही. सुरुवातीला पट्टी उजळते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. खड्डे नंतर दिसतात. ब्लीचही नको, त्यातही क्लोराइड आहे. आणि ही दोन्ही एकत्र केली तर क्लोरीन वायू सुटतो, जो बंद जागेत जीवघेणा ठरू शकतो. वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे. रसायनशास्त्र शिकलेल्याने नाही सांगायचं तर कोणी?

यातून संशोधनाचा प्रश्न कसा बनतो?

'बीडमध्ये स्टील का गंजतं' हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: 'एकाच प्रतीच्या ब्रश फिनिश स्टीलवर बोअरचं पाणी आटू दिलं आणि पुसून घेतलं, तर ३० दिवसांनी दिसणाऱ्या डागांच्या संख्येत फरक पडतो का?' यात बदलायची गोष्ट एक, मोजायची गोष्ट एक, आणि उत्तर 'नाही' येण्याची शक्यताही आहे. उत्तर 'नाही' येऊच शकत नसेल तर तो प्रश्न नसतो.

मांडणी पदवीच्या प्रयोगशाळेत जमेल. फॅब्रिकेशनच्या दुकानातून एकाच पत्र्याचे १२ तुकडे घ्या. चार गट, प्रत्येकी तीन तुकडे: ऊर्ध्वपातित पाणी आटू दिलेलं, ऊर्ध्वपातित पाणी पुसलेलं, बोअरचं पाणी आटू दिलेलं, बोअरचं पाणी पुसलेलं. कोणता तुकडा कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. रोज ठरावीक वेळी ठरावीक थेंब. फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात. डाग मोजणाऱ्या मित्राला तुकड्याचा फक्त नंबर दिसला पाहिजे, गट नाही.

पाण्याचं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने काढा, काठिण्य ईडीटीएने. बी.एस्सी.ला दोन्ही केलेलंच आहे. फक्त टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्याची एकत्र बेरीज अंदाजे सांगतो, त्यात क्लोराइड किती ते सांगत नाही. तुकड्यावर मुक्त लोखंड उरलंय का हे बघायला पोटॅशियम फेरीसायनाइड आणि नायट्रिक ॲसिडची फेरॉक्सिल चाचणी आहे, लोखंड असेल तर निळा रंग येतो. ती फक्त प्रयोगशाळेत, सुट्या तुकड्यावर, शिक्षकांसमोर करायची. गाडीवर नाही.

तीन-तीन तुकड्यांवरून मोठा दावा करता येणार नाही, हे आधीच वहीत लिहून ठेवा. पण एवढी मांडणी तुम्ही स्वतः केली असेल, तर पेटच्या मुलाखतीत 'नियंत्रण गट म्हणजे काय' या प्रश्नाला पाठ केलेली व्याख्या सांगावी लागणार नाही. तुमच्याकडे ऊर्ध्वपातित पाण्याचे सहा तुकडे असतील.

घरी किंवा शेजारी एखादी डागाळलेली पट्टी असेल तर आज फक्त बघा. चुंबक लावा, भिंगाने पाहा, कोपऱ्यात व्हिनेगरचा थेंब टाका, आणि वहीत तीन ओळी लिहा: काय दिसलं, त्याची शक्य कारणं कोणती, आणि त्यातलं कोणतं कशावरून बाद केलं. फडकं त्यानंतर हातात घ्या.